लॅपटॉप चालू होतो, वायफाय मात्र उठत नाही

माझे मामा रोज रात्री साडेदहाला लॅपटॉप शिस्तीत शटडाउन करतात, झाकण लावतात आणि वरून मामीनं शिवलेलं कापड टाकतात. विम्याची कामं करतात, त्यामुळे सकाळी नऊच्या आत पोर्टल उघडायला लागतं. मध्यंतरी तीन आठवडे रोज पावणेनऊला त्यांचा फोन ठरलेला.

"अरे, आज परत वायफाय नाही बघ."

"मामा, मोबाईलवर चालतंय का?"

"चालतंय की. मामी भजनं लावून बसलीय."

"मग रिस्टार्ट करा."

दोन मिनिटांनी, "आलं, आलं. ठेव."

तीन आठवडे मी हे असंच चालू दिलं. रात्री शटडाउन करून सकाळी चालू केलं की वायफाय नाही आणि रिस्टार्ट केलं की लगेच हजर, हे मामा मला रोज सांगत होते. दुखणं कुठे आहे ते त्या एका वाक्यात होतं आणि मी दर वेळी फक्त तोडगा सांगून फोन ठेवत होतो. शेवटी गावी गेलो तेव्हा त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि सात मिनिटांत काम झालं.

हा लेख मामांसारख्यांसाठी आहे: घरचं वायफाय, विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, आणि चालू केल्याबरोबर नेट नाही. बटणांची आणि खिडक्यांची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात, मी ती फोनवर सांगतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. जिथे काही टाइप करायचं आहे तिथे एकेक अक्षर सांगितलं आहे, ते इंग्रजी अक्षरांतच टाका.

हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा

पहिली, त्याच वायफायवर मोबाईल चालतो का? मोबाईल डेटा बंद करून बघा. डेटा चालू असेल तर फोन गुपचूप त्यावर जातो आणि तुम्हाला वाटतं वायफाय ठणठणीत आहे. या एका चुकीत मी स्वतः अर्धा तास घालवलेला आहे.

दुसरी, टास्कबारच्या उजव्या टोकाला, घड्याळाजवळ, कोणतं चिन्ह आहे? विमान दिसत असेल तर एअरप्लेन मोड लागला आहे. पृथ्वीचा गोळा दिसत असेल तर कॉम्प्युटर कशालाच जोडलेला नाही, किंवा जोडला गेलाय पण पुढे इंटरनेट मिळत नाही. वायफायचे वळणदार दांडे दिसतात, पण साइट उघडत नाही, हा पूर्ण वेगळा आजार आहे. त्या चिन्हावर क्लिक केल्यावर वायफायचं बटणच गायब असेल, तर कॉम्प्युटरला आपल्याकडे वायफायचं कार्ड आहे हेच ठाऊक नाही.

तिसरी, मामांची गोष्ट: रिस्टार्ट केल्यावर येतं का? आलं, तर खालच्या फास्ट स्टार्टअपच्या भागावर थेट उडी मारा. बाकीचं वाचायची गरज बहुधा पडणार नाही.

मोबाईललाही नेट नसेल तर

मग लॅपटॉपला सोडा आणि राउटरकडे जा. फायबर असेल तर डब्यावर पॉन आणि लॉस असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा हवा आणि लॉस विझलेला. लॉस लाल लुकलुकत असेल तर घरात येणाऱ्या तारेतून प्रकाशच येत नाही. आधी सोफ्याच्या किंवा कपाटाच्या मागे तार दुमडली, दबली आहे का ते बघा. फायबरच्या आत काच असते, विजेच्या वायरसारखी ती कोपऱ्यात काटकोनात वाकवायची नसते. तार नीट असेल तर नेटवाल्याला फोन करा. तुम्ही आणखी काही करू शकत नाही.

लाईट जाऊन आल्यावरचा घोळ वेगळा. राउटरला पूर्ण उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात, फायबरचा डबा वेगळा असेल तर थोडी जास्तच. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, असलेला लॅपटॉप वीसेक सेकंदांत समोर तयार. साहजिकच तेव्हा वायफाय दिसत नाही. अशा वेळी काहीही दाबू नका, चहा घेऊन या. विंडोज थोड्या थोड्या वेळानं स्वतःच शोधत राहतं. आमच्याकडे रोजची लाईट जाते त्या गावांत मी लोकांना राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला सांगतो, नाहीतर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. घ्यायच्या आधी राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते बघून घ्या.

एअरप्लेन मोड आणि चुकून दाबलेली बटणं

विमान दिसत असेल तर त्यावर क्लिक करून बंद करा. होत नसेल तर कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली की शोधा. काही लॅपटॉपवर ती नुसती दाबायची, काहींवर एफएन धरून. जुन्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला सरकणारं बटणही असायचं. बॅगेतून काढताना ते सरकतं आणि माणूस दिवसभर सॉफ्टवेअर तपासत बसतो.

आपोआप जोडायची खूण

यादीत घरचं नाव दिसतंय, क्लिक केलं की जोडलंही जातं, पण रोज हातानं करावं लागतं. याचं कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं. यादीतल्या नावाखाली 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' असा चौकोन असतो, पहिल्यांदा जोडताना तो रिकामा राहिलेला असतो. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स असं जा, घरच्या नावावर क्लिक करा आणि तिथे ही खूण लावा.

त्याच यादीत जुनी नावं साठलेली असतात: मागच्या भाड्याच्या घराचं, हॉटेलचं, कधीतरी पासवर्ड मागून घेतलेलं शेजाऱ्यांचं. ज्यांची गरज नाही ती 'फर्गेट' करा. नाहीतर चालू होताना लॅपटॉप शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडच्या एका दांड्याला चिकटून बसतो आणि तुमचा राउटर समोर असून उपाशी. राउटरचा पासवर्ड अलीकडे बदलला असेल तर घरचं नावही एकदा फर्गेट करून नव्यानं जोडा.

याच पानावर 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' नावाची एक गोष्ट असते. प्रत्येक वायफाय कार्डाला कारखान्यातून एक क्रमांक मिळालेला असतो. ही सोय चालू असली की विंडोज तो खरा क्रमांक लपवून बनावट क्रमांक सांगतं, आणि 'चेंज डेली' निवडलं असेल तर रोज नवा. खासगीपणासाठी चांगलं आहे. पण वसतिगृहात, ऑफिसात किंवा एखाद्या सावध काकांच्या घरी राउटरमध्ये फक्त नोंदवलेले क्रमांकच आत घेतले जातात. तिथे काल चाललेला लॅपटॉप आज सकाळी दारात अडकतो. अशा जागी त्या एका नेटवर्कपुरतं हे बंद ठेवा.

फास्ट स्टार्टअप: इथे थांबून वाचा

आता मामांच्या खुर्चीकडे येऊ. त्यांनी रात्री लॅपटॉप बंद केला होता, सकाळी माझ्यासमोर चालू केला. पासवर्ड टाकला. खाली पृथ्वीचा गोळा. क्लिक केलं तर वायफायचं बटण जागेवर, निळं, म्हणजे चालू. पण यादी उघडली तर 'नो वायफाय नेटवर्क्स फाउंड'. राउटर त्याच खोलीत, आमच्यापासून चार हातांवर, वर सगळे दिवे हिरवे.

मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली बारीक अक्षरांत 'अप टाइम' लिहिलेलं असतं, म्हणजे विंडोज शेवटचं पहिल्यापासून सुरू झालं त्याला किती वेळ झाला तो आकडा. मामांनी लॅपटॉप नुकताच, पाच मिनिटांपूर्वी चालू केला होता. आकडा मात्र दोन दिवसांच्या पुढे गेलेला. दोन दिवसांपूर्वी मी फोनवर शेवटचं रिस्टार्ट करायला लावलं होतं, मधल्या दिवशी सुट्टी म्हणून त्यांनी नेटचं काही केलंच नव्हतं.

"म्हणजे मी रोज बंद करतो ते?" मामांनी विचारलं. चेहरा असा, की मी त्यांच्यावर खोटं बोलल्याचा आरोप केलाय.

त्यांनी बंद केलं होतं, पण विंडोजनं अर्धंच केलं होतं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासूनच चालू असते. शटडाउन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुमचं खातं बाहेर पडतं, पण विंडोजचा गाभा आणि कार्ड चालवणारे ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर एका फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की तीच फाइल परत मेमरीत चढवली जाते. सगळं नव्यानं उभं करायला लागत नाही, म्हणून कॉम्प्युटर लवकर सुरू होतो. यात वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरला वाटतं आपण फक्त झोपलो होतो. बहुतेक ड्रायव्हर नीट जागे होतात. काही कार्ड आणि ड्रायव्हरच्या जोड्या मात्र डोळे उघडतात आणि तशाच पडून राहतात. रिस्टार्टमध्ये ही फाइल वापरली जात नाही, सगळं शून्यापासून सुरू होतं, म्हणून रिस्टार्ट केल्यावर वायफाय येतं.

कायमचा बदल करण्याआधी एक रात्र खात्री करून घ्या. स्टार्टमधून पॉवर, आणि कीबोर्डवरची शिफ्ट धरून ठेवून शट डाउनवर क्लिक करा. शिफ्ट धरली की त्या वेळेपुरतं पूर्ण शटडाउन होतं. सकाळी वायफाय हजर असेल तर आरोपी सापडला.

मग हे करा:

१. विंडोजची की धरून आर दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, टिंब, सी-पी-एल असं सलग टाका आणि एंटर.

२. पॉवर ऑप्शन्सची खिडकी उघडेल. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' वर क्लिक करा.

३. खालच्या खुणा फिकट दिसतील, दाबल्या जाणार नाहीत. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी निळी ओळ आहे, आधी तिच्यावर क्लिक. इथेच लोक अडकतात आणि "माझ्याकडे होत नाही" म्हणून फोन करतात.

४. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची टिक काढा. 'सेव्ह चेंजेस' दाबा.

५. आता एकदा शटडाउन करून पुन्हा चालू करा आणि अप टाइम बघा. तो काही मिनिटांचाच असला पाहिजे.

खूणच दिसत नसेल तर तुमच्या लॅपटॉपवर हायबरनेट, म्हणजे चालू अवस्था डिस्कवर उतरवून ठेवायची सोय, बंद आहे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही बंदच, तुमचा आजार दुसरा. एसएसडी असेल तर ही सोय काढल्यानं काही सेकंदांचाच फरक पडतो. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर सुरू व्हायला चांगलाच जास्त वेळ लागेल. अशांनी आधी ड्रायव्हर बदलून बघावा. आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही टिक परत लागलेली मी पाहिली आहे, तेव्हा काही महिन्यांनी तोच त्रास परतला तर आधी इथेच बघा.

वीज वाचवण्याच्या नादात

याचाच चुलत भाऊ. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'नेटवर्क अडॅप्टर्स' समोरचा बाण दाबा. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम यांपैकी एखाद्या नावापुढे वायफाय किंवा वायरलेस लिहिलेलं असेल, त्यावर दोनदा क्लिक करा. 'पॉवर मॅनेजमेंट' या टॅबमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला कॉम्प्युटरला परवानगी द्या, अशा अर्थाची ओळ असते. तिची टिक काढा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. बॅटरीवर चालू केलं की वायफाय नाही आणि चार्जर लावून चालू केलं की आहे, असा अनुभव असेल तर ही टिक पहिली संशयित.

कार्डच दिसत नाही, किंवा पिवळा त्रिकोण

डिव्हाइस मॅनेजर उघडलाच आहे तर नीट बघा. वायफायच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल तर दोनदा क्लिक करून आत लिहिलेला कोड वाचा. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही, कोड ४३ म्हणजे उपकरणानं स्वतःच अडचण आहे असं कळवलं म्हणून विंडोजनं ते थांबवलं. नावच नसेल तर वरच्या 'व्ह्यू' मधून 'शो हिडन डिव्हायसेस' करा. फिकट नाव दिसलं तर कार्ड पूर्वी होतं, आत्ता जागं नाही.

दोन्ही वेळी पहिला उपाय अगदी गावठी आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्यांदा लागू पडतो. लॅपटॉप शिफ्ट धरून पूर्ण शटडाउन करा, चार्जर काढा, पेनड्राइव्ह, माउस, जे लावलंय ते सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही. मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. बॅटरी आतच असेल तर मध्ये लॅपटॉप चालू होऊन परत बंद पडेल, घाबरू नका. आत साठलेली वीज निघून जाते आणि कार्ड खरोखर शून्यावर येतं. मग चार्जर लावून चालू करा.

नाही झालं तर ड्रायव्हर. अपडेटनंतर बिघडलं असेल तर त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा, जुना परत येतो. ते बटण फिकट असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर आणा. मॉडेल खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आता तुम्ही म्हणाल, नेटच नाही तर आणू कुठून? मोबाईल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन असेल तर लॅपटॉपला वायफायशिवाय नेट मिळतं, आणि फोन स्वतः वायफायवर असेल तर तो तेच नेट पुढे देतो, डेटा खर्च होत नाही. फक्त वायर डेटा नेणारी हवी, काही स्वस्त वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात.

दोन गोष्टी करू नका. शोधल्यावर जाहिरातीत वर येणारी, सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करून देणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. आणि नवा ड्रायव्हर हाताशी नसताना जुना मुळासकट काढू नका. 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' दाबल्यावर ड्रायव्हरही काढू का, असा चौकोन दिसतो, तो रिकामा ठेवा. मग रिस्टार्ट केलं की विंडोज तोच ड्रायव्हर पुन्हा बसवतं, आणि कधी कधी तेवढ्यानंही भागतं.

सेवा बंद पडलेली

विंडोजमध्ये वायफाय सांभाळणारी एक सेवा पडद्यामागे चालते, 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग'. कॉम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर कधी कधी ती बंद करून ठेवतात. विंडोज आणि आर दाबून एस-ई-आर-व्ही-आय-सी-ई-एस, टिंब, एम-एस-सी टाका, यादीत ती शोधा, दोनदा क्लिक करा. 'स्टार्टअप टाइप' ऑटोमॅटिक हवं. थांबलेली असेल तर 'स्टार्ट' दाबा.

मोबाईलला दिसतं, लॅपटॉपला दिसत नाही

लेकानं अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप असेल तर हे वाचा. आपल्याकडे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर १ ते १३ असे चॅनल वापरता येतात. अमेरिकेसाठी बनलेली बरीच उपकरणं ११ च्या पुढे ऐकतच नाहीत. राउटर 'ऑटो' वर असला की लाईट जाऊन आल्यावर तो नव्यानं चॅनल निवडतो. आज ६, उद्या १३. ज्या दिवशी १२ किंवा १३ निवडतो त्या दिवशी घरातले सगळे मोबाईल चालतात आणि तो एक लॅपटॉप आंधळा. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनल १, ६ किंवा ११ वर कायम करा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत म्हणून तेच घ्यायचे.

उलट बाजूनं, बऱ्याच जुन्या लॅपटॉपचं कार्ड फक्त २.४ चं असतं. राउटर नवा आणताना नेटवाल्यानं फक्त ५ गिगाहर्ट्झचं नाव चालू ठेवलं असेल तर ते त्याला कधीच दिसणार नाही.

डेस्कटॉपला मागे वायफायचं यूएसबी डोंगल लावलेलं असेल तर ते पुढच्या बाजूला लावून बघा, किंवा हातभर यूएसबी एक्स्टेंशन घेऊन टेबलावर आणा. मागे लावलेलं डोंगल सीपीयूचा पत्रा आणि भिंत यांच्या सांदीत असतं. शिवाय यूएसबी ३ चं निळं पोर्ट आणि त्यात लावलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झमध्येच खरखर निर्माण करते, त्यामुळे डोंगल तिच्यापासून लांब ठेवा.

जोडलंय, पण नेट नाही

दांडे दिसतात आणि खाली 'नो इंटरनेट' लिहिलंय. विंडोज हे कसं ठरवतं ते कळलं की कोडं सोपं होतं. जोडल्याबरोबर ते मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून एक छोटीशी फाइल मागवतं. तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढे तीन शब्द असतात. ते आले तर नेट आहे, नाही आले किंवा भलतंच पान आलं तर नाही. कॉलेज, हॉटेल, रेल्वे स्टेशनवर भलतंच पान येतं, म्हणजे नंबर आणि ओटीपी मागणारं. तिथे ब्राउझर उघडून ते पान आधी भरायचं.

घरी असं झालं तर विंडोज आणि आर दाबून सी-एम-डी टाका. काळी खिडकी येईल. तिच्यात आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी टाकून एंटर. वायफायच्या भागात 'आयपीव्ही४ ॲड्रेस' बघा. १९२.१६८ नं सुरू होणारा असेल तर घरच्या राउटरनं पत्ता दिला आहे असं बहुतेक वेळा समजा. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलाच नाही, कॉम्प्युटरनं वाट बघून स्वतःच एक बनवून घेतला. वायफाय बंद करून दहा सेकंदांनी चालू करा, नाहीतर राउटर बंद-चालू करा. रोजच होत असेल तर मॅनेज नोन नेटवर्क्समध्ये घरच्या नावावर 'आयपी असाइनमेंट' समोर ऑटोमॅटिक आहे ना ते बघा. ऑफिसच्या माणसानं कधीतरी तिथे हातानं आकडे भरून ठेवलेले असतात.

पत्ता बरोबर आहे, तरी नाही? त्याच काळ्या खिडकीत पी-आय-एन-जी, मोकळी जागा, मग ८.८.८.८ टाका. उत्तरं येतात पण साइट उघडत नाहीत, तर नावांचे पत्ते शोधून देणारा डीएनएस अडलाय. विंडोज ११ वर मॅनेज नोन नेटवर्क्समधल्या घरच्या नावाच्या पानावर 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून बघा. कॉम्प्युटर चालू होताना व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारं सॉफ्टवेअर, आपोआप सुरू होत असेल तर तोही बंद करून बघा, काही व्हीपीएन स्वतः जोडले जाईपर्यंत बाकी सगळं अडवून धरतात.

आणि घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाएवढी सीआर२०३२ बॅटरी असते. ती संपली की मेन स्विच बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग वायफाय जोडलं जातं, पण ब्राउझर प्रत्येक साइटवर सुरक्षेचा इशारा देतो, कारण त्याच्या मते त्या साइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. तारीख दुरुस्त करा, आणि बॅटरी बदला.

अजूनही नाही

विंडोजकडे स्वतःची डायरी असते. स्टार्टवर उजवं क्लिक करून 'टर्मिनल अ‍ॅडमिन' उघडा, विंडोज १० वर पॉवरशेल अ‍ॅडमिन. त्यात टाका: एन-ई-टी-एस-एच, मोकळी जागा, डब्ल्यू-एल-ए-एन, मोकळी जागा, एस-एच-ओ-डब्ल्यू, मोकळी जागा, डब्ल्यू-एल-ए-एन-आर-ई-पी-ओ-आर-टी. गेल्या तीन दिवसांचा वायफायचा अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला ती जागा खाली लिहून येते. ब्राउझरमध्ये उघडा. वरच्या आलेखात लाल गोल दिसेल तिथे क्लिक केलं की त्या क्षणी काय झालं ते खाली उघडतं. सगळं कळलं नाही तरी हरकत नाही. लाल गोल रोज सकाळी चालू करण्याच्या वेळेलाच आहेत, की दिवसभर विखुरलेले आहेत, एवढं बघितलंत तरी दुरुस्तीवाल्याचा निम्मा वेळ वाचतो. दिवसभर असतील तर विषय स्टार्टअपचा नाहीच, सिग्नलचा किंवा राउटरचा आहे.

सगळ्यात शेवटी 'नेटवर्क रीसेट'. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये ते आहे. विंडोज १० वर नेटवर्क अँड इंटरनेटच्या स्टेटस पानाच्या तळाशी. लोक हे पहिल्यांदा करतात म्हणून मी शेवटी लिहिलं. यात साठवलेली सगळी वायफाय नावं आणि पासवर्ड जातात, व्हीपीएनही नव्यानं बसवावा लागतो. घरचा पासवर्ड कागदावर लिहून घेतल्याशिवाय हात लावू नका. दाबल्यावर पाच मिनिटांनी कॉम्प्युटर स्वतः रिस्टार्ट होतो, उघडी कामं सेव्ह करा.

त्यानंही नाही झालं आणि कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये येऊन-जाऊन असेल, तर कार्ड थकलंय. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते छोटं, वेगळं काढता येणारं असतं आणि बदलून मिळतं. काहींमध्ये मदरबोर्डलाच झाळलेलं असतं. तसं असेल तर हजार रुपयांच्या आतलं यूएसबी डोंगल लावा आणि जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिसेबल' करून टाका, म्हणजे दोघांची भांडणं होत नाहीत.

मामांच्या लॅपटॉपला यातलं पुढचं काही लागलं नाही. त्यांनी फक्त डायरीत 'अप टाइम' असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय आणि दर सोमवारी तो आकडा तपासतात. मागच्या आठवड्यात चार तासांचा दिसला म्हणून फोन केला. लॅपटॉप सकाळपासून चालू होता.